मज्जातंतूंतील मालवहन आणि दोन ‘बचनाग’

मराठी मुलखात ‘बचनाग’ हे नाव दोन अगदी भिन्न वनस्पतींना लावले जाते, ही गोष्ट औषधिनिर्मिती करणाऱ्या बंधूंना नवी नाही. एक वत्सनाभ, म्हणजे हिमालयात उंचावर वाढणाऱ्या ॲकोनायटमच्या जातींचा कंद. तो आपल्या खानदेशात उगवत नाही, व्यापाऱ्याकडून येतो. दुसरी लांगली, म्हणजेच कळलावी किंवा खड्यानाग, शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. ही वेल पावसाळ्यात कुंपणांवर आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या झुडपांवर चढते. पानाच्या टोकालाच तिचा ताणा असतो, फूल खाली पिवळे आणि वर तांबडे, ज्वाळेसारखे. कंद नांगराच्या आकाराचा, दुभागलेला, म्हणून ‘लांगली’. सुश्रुताने वत्सनाभ कंदविषांत गणला आहे; शार्ङ्गधराच्या सात उपविषांत लांगलीचा समावेश आहे.

दोन्ही द्रव्ये मज्जातंतूंना बाधक आहेत, एवढे साम्य धरून अनेकदा ती एकाच पंक्तीत बसविली जातात. वस्तुतः मज्जातंतूची दोन कामे पूर्णतः निराळी आहेत आणि ही दोन विषे त्यांपैकी एकेका कामावर आघात करतात. त्यांतील एका कामाचा, म्हणजे संदेशवहनाचा, परिचय आपल्याला पदवी अभ्यासक्रमातच होतो. दुसऱ्याकडे, अक्षतंतूतून चालणाऱ्या मालवहनाकडे, पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः तोच आहे, कारण लांगली, सुरंजान, सदाफुली आणि मधुमेही रुग्णाचे बधिर तळपाय या सर्वांचा संबंध तेथे येतो.

तार आणि मालगाडी

भुसावळ जंक्शनच्या परिसरात राहणाऱ्या वाचकांसाठी उपमा शोधावी लागत नाही. पूर्वी रूळांच्या कडेने तारयंत्राच्या तारा गेलेल्या असत. रावेर, सावदा, निंभोरा येथून केळीचे वॅगन निघाल्याचा निरोप तारेने क्षणात पोचे, केळी मात्र आपल्या गतीनेच दिल्लीला पोचत. मज्जातंतूतही हे दोन्ही व्यवहार एकाच धाग्यातून चालतात. संदेश हा विद्युत्‌स्वरूपाचा असतो. जाड, मेदावरण असलेल्या तंतूंत तो सेकंदाला पन्नास ते शंभर मीटरपर्यंत धावतो. माल मात्र दिवसाला मिलिमीटरांत मोजला जातो.

माल कशासाठी? चेतापेशीचे केंद्रक आणि प्रथिने बनविण्याची बहुतेक सामग्री पेशीकायात असते. पायाच्या अंगठ्याची संवेदना वाहणाऱ्या पेशीचे पेशीकाय कमरेच्या मणक्यांजवळील गंडिकेत आहे. तेथून अंगठ्यापर्यंतचा अक्षतंतू प्रौढ माणसात सुमारे एक मीटर लांब असतो आणि जाडी मात्र मिलिमीटरच्या काही शतांश किंवा त्याहून कमी. पेशीतील बहुतांश द्रव्य या धाग्यातच सामावलेले असते. थोडीफार प्रथिननिर्मिती अक्षतंतूतही होते असे आता दिसून आले आहे. तरीही टोकाला लागणाऱ्या पटलांचा, विकरांचा, संदेशद्रव्याच्या पिशव्यांचा आणि ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांचा मोठा पुरवठा पेशीकायातूनच व्हावा लागतो. झिजलेला माल परत आणणे हाही याच व्यवहाराचा भाग आहे.

हा प्रवाह प्रथम स्पष्टपणे दाखविला तो पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी 1948 साली. प्राण्याचा मज्जातंतू त्यांनी एका जागी आवळला, तेव्हा पेशीकायाच्या बाजूला द्रव्य साचून तंतू फुगला. बंधन काढताच ते साचलेले द्रव्य हळूहळू पुढे सरकू लागले. पाटचारीत आडवी फळी टाकली की वरच्या अंगाला पाणी तुंबते, तसाच हा प्रकार. पुढे किरणोत्सारी द्रव्ये वापरून गती मोजण्यात आल्या. पिशव्यांसारखा शीघ्र माल दिवसाला सुमारे 200 ते 400 मिलिमीटर जातो, म्हणजे कमरेपासून अंगठ्यापर्यंत पोचायला अडीच दिवस किंवा अधिक. तंतूचा सांगाडा घडविणारी प्रथिने मात्र दिवसाला 0.2 ते 1 मिलिमीटर सरकतात. या हिशेबाने आज निघालेला सांगाड्याचा माल अंगठ्याशी यायला जवळजवळ तीन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागेल! ही मंद गती बराच काळ कोड्यासारखी होती. सन 2000 च्या सुमारास जिवंत पेशींतील निरीक्षणांवरून उलगडा झाला की मंद मालही तीच वाहने वापरतो. तो चालतो तेव्हा वेगानेच चालतो, पण बहुतेक वेळ मधल्या स्थानकांवर उभा राहतो.

वाहने म्हणजे वाहक प्रथिने. टोकाकडे नेणारे कायनेसिन 1985 साली स्क्विड या सागरी प्राण्याच्या राक्षसी अक्षतंतूवरील कामातून हाती लागले. पेशीकायाकडे परत आणणाऱ्या डायनीनचे कार्य 1987 मध्ये स्पष्ट झाले. ज्या रुळांवरून ही प्रथिने चालतात त्या सूक्ष्मनलिका, सुमारे 25 नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ नळ्या. त्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एकावर एक रचून बनतात. कायनेसिनला दोन पाय असतात. प्रत्येक पाऊल 8 नॅनोमीटरचे आणि प्रत्येक पावलाला ऊर्जाद्रव्याचा एक रेणू खर्ची पडतो. सेकंदाला शंभराच्या आसपास पावले पडतात. रुळाला दिशा असते. अक्षतंतूत सर्व नलिकांची एक विशिष्ट बाजू टोकाकडे असते, म्हणून जाणारा आणि येणारा माल चुकत नाही.

या क्षेत्रातील महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. मुंबईच्या कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या प्रयोगशाळेने प्रकाशाच्या चिमट्याने पेशीतील कण धरून वाहक प्रथिनांचे बळ मोजले. एकटे डायनीन कायनेसिनच्या तुलनेत दुबळे असते. पण अनेक डायनीन एकाच मालाला जुंपले गेले आणि ओझे वाढले की पुढचे मंदावतात, मागचे त्यांना गाठतात आणि सर्व मिळून भार वाटून घेतात, असे त्यांनी 2013 साली ‘सेल’ या नियतकालिकात दाखविले. त्यांना 2014 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे ते पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत गेले. त्याच टाटा संस्थेत संध्या कौशिका यांचा गट एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीच्या चेतापेशींत, कृमी जिवंत असतानाच, हा माल चालताना पाहतो. निरोगी अक्षतंतूतही काही ठिकाणी माल थबकतो, मागून येणारा त्यात अडकतो आणि वाहतूक तुंबते, हे त्यांच्या 2018 च्या निबंधात आहे. कोंडी हा केवळ रोगाचा परिणाम नाही, तो नित्याचाच भाग आहे. ती सुटते की वाढत जाते, यावर पुढचे अवलंबून असते.

आपल्यातील काही अभ्यासक हे वाचून लगेच ‘म्हणजे व्यान वायूच की!’ असे म्हणतील. असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. वायूचे गतिमत्त्व ही शरीरव्यापी संकल्पना आहे. तिला एका प्रथिनाच्या दोन पायांवर उभी करून तिचा गौरव वाढत नाही, आणि त्या प्रथिनाचे आकलनही होत नाही. आपल्याला या ज्ञानाचा उपयोग हवा आहे तो रुग्ण ओळखण्यासाठी आणि द्रव्य जपून वापरण्यासाठी.

दोन विषांचे दोन आघात

वत्सनाभातील ॲकोनिटीन तारेवर आघात करते. मज्जातंतू व हृदयाच्या पेशींवरील सोडियमचे दरवाजे ते उघडेच ठेवते. त्यामुळे संदेश आधी भलतेच उठतात आणि मग बंद पडतात. लक्षणे काही मिनिटांपासून दोनएक तासांत दिसतात: ओठ-जिभेला मुंग्या, मग बधिरता, अशक्तता, आणि जीव घेणारी ती हृदयाची अनियमित गती. विष शीघ्र असल्याने वैद्याला ते सहसा चुकत नाही.

लांगलीतील कोल्चिसिन रूळच उखडते. ते सुट्या ट्युब्युलिनला चिकटते, त्या विटांपासून नवी नलिका बनत नाही आणि असलेल्या नलिका टोकाकडून विस्कटू लागतात. किंबहुना ट्युब्युलिनचा शोधच या विषामुळे लागला. बोरिसी आणि टेलर यांनी 1967 साली किरणोत्सारी कोल्चिसिन पेशींत सोडून ते कोठे चिकटते हे पाहिले, आणि जेथे ते चिकटले तेच हे प्रथिन निघाले. लागलीच 1968-69 मध्ये मज्जातंतूवर कोल्चिसिन लावले असता त्यातील मालवहन थांबते, हेही दाखविले गेले. संदेश काही काळ चालूच राहतो. तार शाबूत असते, गाडी मात्र उभी.

तथापि लांगलीच्या विषबाधेत मज्जातंतूची लक्षणे प्रथम दिसत नाहीत, आणि येथेच चिकित्सकाची फसगत होते. पेशी विभागताना गुणसूत्रे ओढणारे धागेही याच नलिकांचे असतात. म्हणून ज्या पेशी सतत विभागतात त्यांना पहिला तडाखा बसतो, म्हणजे आतड्याच्या अस्तराला आणि अस्थिमज्जेला. सेवनानंतर काही तास काहीच होत नाही. मग उलट्या, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. पावसाळ्याचे दिवस असतात, गावात अतिसाराचे दहा रुग्ण असतात, त्यांतलाच हा अकरावा समजला जातो. सलाईनने त्याला बरे वाटते आणि तो घरी जातो. दुसऱ्या ते सातव्या दिवसांत रक्तदाब कोसळणे, श्वासाचा त्रास, मूत्रपिंड बंद पडणे, पांढऱ्या पेशी घटणे ही खरी आपत्ती उभी राहते. स्नायूंची दुर्बलता आणि पायांकडून वर चढणारी बधिरता याच टप्प्यात किंवा नंतर येते. जो वाचतो त्याचे केस दोनएक आठवड्यांनी गळतात. श्रीलंकेतील अशा एका रुग्णाचे वृत्त 1966 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले होते. किलोमागे 0.8 मिलिग्रॅमच्या वर कोल्चिसिन पोटात गेल्यास रुग्ण क्वचितच वाचतो, याहून कमी मात्रेतही मृत्यू झाले आहेत. बाजारात प्रतिविष उपलब्ध नाही आणि डायलिसिसने ते रक्तातून काढता येत नाही. सुखप्रसवासाठी कंदाचा लेप नाभीवर किंवा तळपायांवर लावण्याच्या रूढीतून, किंवा गर्भपातासाठी घरगुती प्रयोगातून, कंद घरात आलेला असतो. म्हणून अतिसाराच्या रुग्णाला, विशेषतः तरुण स्त्रीला, काही मुळी-कंद पोटात गेला आहे का हे एकांतात आणि मायेने विचारणे आवश्यक आहे.

अल्प मात्रेत पण दीर्घकाळ घेतलेल्या कोल्चिसिनचे चित्र निराळे असते. वातरक्तासाठी आधुनिक वैद्यकात ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्यांत दिले जाते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांत अशा नित्याच्या मात्रेनेही मांड्या-खांद्यांची दुर्बलता आणि सोबत मज्जातंतूंची विकृती उत्पन्न होते, असे 1987 पासून ज्ञात आहे. औषध थांबविल्यावर काही आठवड्यांत बहुधा सुधारणा होते. आता आपल्याकडे काय घडते ते पाहा. रुग्ण सांधेदुखीसाठी शहरातून ही गोळी आणतो, आणि तीच तक्रार घेऊन वैद्याकडे येतो. वैद्य सुरंजानयुक्त चूर्ण देतो. सुरंजान म्हणजे कोल्चिकमचाच कंद, म्हणजे एकच द्रव्य दोन दारांतून पोटात जाते. पुढे पाय उचलेनात म्हणून वातव्याधीची चिकित्सा सुरू होते. वातरक्ताच्या प्रत्येक रुग्णाच्या पिशवीतील गोळ्यांची पाकिटे वाचून पाहावीत, एवढेच येथे सुचवितो.

अंगठ्यापासून वर

मालवहन कोणत्याही कारणाने मंदावले तर सर्वांत लांब तंतूंचे टोक प्रथम उपाशी राहते. त्यामुळे बधिरता पायाच्या बोटांत सुरू होते, मोज्याप्रमाणे वर चढते, आणि ती गुडघ्यापाशी येईपर्यंत हाताच्या बोटांनाही सुरुवात होते. मधुमेहातील पादसुप्ती आणि पाददाह याच क्रमाने येतात. तेथे केवळ मालवहन दोषी आहे असे नव्हे; सूक्ष्म रक्तवाहिन्या, ऊर्जानिर्मिती, मेदावरण या सर्वांचा त्यात वाटा आहे. मात्र ‘आधी लांब तंतू’ हा क्रम दिसला की विकार धाग्याच्या लांबीशी निगडित आहे हे ओळखावे. एकाच पायात, एकाच पट्ट्यात किंवा एका डागापुरती बधिरता असेल तर तो निराळा विषय आहे. मणक्याचा आणि कुष्ठाचा विचार तेथे आधी करावा. शाकाहारी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णांत बी-12 ची तपासणीही करून घ्यावी.

मधुमेहासाठी सदाफुलीची पाने-फुले चावून खाण्याची प्रथा आपल्या भागात घराघरांत आहे. सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही द्रव्येही ट्युब्युलिनलाच चिकटतात. कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन देताना बोटांची बधिरता हीच त्याची मात्रा आवरणारी बाधा असते. पानांतील प्रमाण अत्यल्प असते, एक ग्रॅम काढायला शेकडो किलो पाने लागतात, म्हणून दोन फुलांनी पाय बधिर झाले असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. परंतु ज्याचे लांब तंतू आधीच अडचणीत आहेत त्याला रूळ उखडणाऱ्या वर्गातील वनस्पती महिनोन्‌महिने का द्यावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

परतीच्या मार्गाबद्दलही थोडे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून शिरलेला विषाणू मज्जातंतूच्या टोकातून आत जातो आणि डायनीनच्या परतीच्या गाडीवर बसून मेंदूकडे निघतो. धनुर्वाताचे विषही याच वाटेने जाते. सुश्रुताने वर्णिलेले अलर्कविष दिवसांऐवजी आठवड्यांनी का प्रकटते याचे बरेचसे उत्तर या प्रवासात आणि त्याआधीच्या स्नायूतील मुक्कामात आहे. चेहऱ्यावरचा चावा पायावरच्या चाव्यापेक्षा बहुधा लवकर का बाधतो, तेही यातून कळते. विषाणू तंतूत शिरण्यापूर्वीच प्रतिपिंडे तेथे हवीत. म्हणून साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे जखम धुणे, त्याच दिवशी लस, आणि रक्त आलेल्या चाव्यात जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन. लेप, झाडपाला आणि ‘बघू या दोन दिवस’ यांना येथे अजिबात जागा नाही.

औषधिनिर्मात्यांसाठी

आता नावाच्या घोटाळ्याकडे परत येऊ. दोन्ही कंदांना गोमूत्रात शोधन सांगितले असले तरी त्यांचे रसायन वेगळे आहे. वत्सनाभ दुधात किंवा पाण्यात दोलायंत्रात शिजविला की ॲकोनिटीनचे विघटन होऊन कितीतरी सौम्य द्रव्ये उरतात. प्राचीनांची ही क्रिया रासायनिक कसोटीवर उत्तम उतरते. कोल्चिसिन मात्र शिजवून फारसे मोडत नाही. ते पाण्यात विरघळते, म्हणून लांगली एक दिवस गोमूत्रात ठेवल्याने त्यातील काही अंश द्रवात उतरतो, आणि म्हणूनच तो द्रव टाकून द्यायचा असतो. नंतर उन्हात वाळविण्याचे कारणही विचार करण्याजोगे आहे. अतिनील किरणांनी कोल्चिसिनचे ल्युमिकोल्चिसिन बनते, आणि ते ट्युब्युलिनला चिकटत नाही. पण प्रकाश पोचतो तो कापाच्या पृष्ठभागावर. जाड काप वाळवून लांगली निर्विष झाली असे कोणी समजू नये.

याचा व्यावहारिक अर्थ असा की ‘बचनाग’ म्हणून लांगली आली आणि वत्सनाभाच्या विधीने शिजवून त्रिभुवनकीर्तीत गेली, तर शोधन झाल्याचा कागद असेल आणि विष तसेच असेल. महाविषगर्भ तेलात दोन्ही द्रव्ये पडतात, तेव्हा तेथे तर अदलाबदल लक्षातही येणार नाही. कासीसादि तेलात लांगलीच हवी. खरेदीच्या चिठ्ठीवर व बरणीवर ‘बचनाग’ हा शब्द लिहू नये. ‘वत्सनाभ’ किंवा ‘लांगली’ असे लिहून खाली शास्त्रीय नाव घालावे. अखंड कंद असेल तर ओळख सोपी आहे: वत्सनाभ शंक्वाकृती, खाली निमुळता, लांगली दंडगोल व कोनात दुभागलेली. काप किंवा भुकटी घेऊच नये. दोन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या अनुसूची ‘ई-1’ मध्ये आहेत, त्यामुळे पोटात घेण्याच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे.

आणि विषबाधेचा संशय असलेला रुग्ण जळगावला पाठविताना चिठ्ठीत ‘बचनाग खाल्ला’ एवढेच लिहू नये. तेथील डॉक्टर ॲकोनिटीन समजून केवळ हृदयाचा आलेख पाहतील आणि चोवीस तासांनी रुग्णाला सोडून देतील. सेवनाची वेळ, अंदाजे प्रमाण, आणि उरलेला कंद किंवा वेलीचे पान-फूल कागदात गुंडाळून रुग्णासोबत द्यावे.